सुचत नाही म्हणतेस म्हणून

प्रिय सई,

परवा फोनवर म्हणालीस ना की गाणं लिहायला बसते पण काही सुचतच नाही, सांगण्यासारखं काही घडलंच नाहीये माझ्या आयुष्यात, तेव्हापासून डोक्यात हेच चालूय म्हणून लिहितोय.

गिटार शिकायला लागल्यावर तू जो रिफ (तो पुन्हा पुन्हा येणारा छोटा तुकडा) दिवसभर वाजवायचीस, 'स्मोक ऑन द वॉटर' या गाण्याचा, त्या गाण्यामागची गोष्ट माहितीये का? डिसेंबर 1971, स्वित्झर्लंडमधलं माँत्रो. हे गाणं करणारा ब्रिटिश रॉक बँड डीप पर्पल, ते लोक तिथल्या कसिनोत अल्बम रेकॉर्ड करायला आलेले, त्यांचं काम सुरू व्हायच्या आधी तिथे फ्रँक झापा या अमेरिकन रॉक संगीतकाराचा शो होता, त्यात प्रेक्षकांतल्या कुणीतरी छताकडे फ्लेअर गन (पेटता सिग्नल सोडायची बंदूक) उडवली आणि अख्खा कसिनो जळाला. हे लोक जिनिव्हा लेकवर पसरणारा धूर बघत राहिले. जागाच गेली, मग शेवटी एका हॉटेलच्या कॉरिडॉरमध्ये आवाज घुमू नये म्हणून गाद्या लावून रेकॉर्डिंग केलं. आता त्याचे शब्द नीट ऐक, अलंकार वगैरे काही नाही गं, कशासाठी आलो, काय जळालं, मग कुठे गेलो, एवढंच सांगितलंय. मला तर तेच फार आवडतं.

बीटल्सच्या 'यस्टरडे'ची चाल त्यांच्यातल्या पॉल मॅकार्टनीला झोपेतून उठताना सुचली, पण ही आपली नसून कुठेतरी ऐकलेली असणार असं वाटून तो किती दिवस लोकांना विचारत फिरला. शब्द तर नव्हतेच, तोवर 'स्क्रॅम्बल्ड एग्ज' म्हणून गुणगुणायचा. तूही तुझ्या त्या अर्ध्या चालीवर काहीही शब्द टाक, नंतर बदल.

आणि आपलं गीतरामायण! 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवर दर आठवड्याला नवीन गाणं जायचं, म्हणजे गदिमांनी लिहायचं, बाबूजींनी चाल लावायची, की लगेच पुढचं, अशी 56 गाणी. मूड लागायची वाट बघत बसले असते तर झालं असतं का?

एक मात्र वेगळं सांगायचंय. 'स्ट्रेंज फ्रूट'. अमेरिकेत काळ्या लोकांना जमावाने झाडाला लटकवून मारायचे, त्याचा फोटो बघून एबल मिरोपोल नावाच्या न्यूयॉर्कच्या शिक्षकाने कविता लिहिली. 1939 मध्ये बिली हॉलिडे ही जॅझ गायिका ते गाणं एका क्लबमध्ये गायला लागली, तेव्हा वेटर सर्व्ह करणं थांबवायचे, दिवे बंद, फक्त तिच्या चेहऱ्यावर एक लाईट, आणि संपल्यावर वन्स मोअर नाही. तिच्या नेहमीच्या रेकॉर्ड कंपनीने रेकॉर्ड करायला नकार दिला, तर तिने दुसरीकडे जाऊन केलं. त्या शिक्षकाच्या स्वतःच्या आयुष्यात ते घडलं नव्हतं सई, पण त्याला ते बघवलं नाही. तुलाही बातम्या बघून रात्रभर झोप लागत नाही कधीकधी, ते मी बघितलंय, ते लिही की.

हे गाणं ऐकशील तेव्हा दुसरं काही करत ऐकू नकोस. ऐकून झालं की फोन कर, उशीर झाला असला तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझा,
बाबा