‘नॉर्मल’ रिपोर्टवर थांबू नका

महोदय,

माझ्या भाच्याला लहानपणापासून फिट येतात. औषधे बदलून झाली, एमआरआय ‘नॉर्मल’ आला आणि घरच्यांनी तिथेच आशा सोडली. इथे बडोद्यात, रावपुरा-दांडिया बाजार भागात अशी आणखी कुटुंबे आहेत. मुलीला फिट येत असेल तर ती गोष्ट उंबऱ्याबाहेरही जात नाही, याचे फार वाईट वाटते.

नीट निवडलेली दोन औषधे योग्य मात्रेत घेऊनही झटके थांबत नसतील, तर अपस्मार (फिट येण्याचा आजार) औषधांना दाद देत नाही असे मानतात. सुमारे एक तृतीयांश रुग्ण असे असतात. त्यांतल्या काहींना शस्त्रक्रियेने आराम पडतो, पण त्याआधी झटका मेंदूत नेमका कुठून सुरू होतो ते शोधावे लागते. नेहमीच्या एमआरआयचे जाड छेद (मेंदूच्या एकेका थराची चित्रे) हिप्पोकॅम्पस या स्मरणशक्तीशी निगडित भागातला व्रण किंवा मेंदूच्या बाह्यस्तरातला बारीक जन्मजात दोष चुकवू शकतात. अपस्मारासाठी मुद्दाम, सुमारे १ मिलिमीटरच्या छेदांनी काढलेला एमआरआय जाणकाराने पाहिला तर तोच दोष सापडू शकतो. तरीही दिसला नाही, तर पेट स्कॅन आहे, तो मेंदूचा कोणता भाग किती साखर वापरतो ते दाखवतो: झटके जिथून सुरू होतात तो भाग, झटके नसतानाच्या वेळी, साखर कमी वापरतो. स्पेक्ट या दुसऱ्या स्कॅनमध्ये झटका सुरू होताच इंजेक्शन देऊन रक्तप्रवाह कुठे वाढला ते पाहतात. जोडीला व्हिडिओ ईईजी (रुग्णाचे चित्रीकरण करतानाच मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) हवाच.

तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत १९९५ पासून या शस्त्रक्रिया होतात. आपल्या सयाजी रुग्णालयाने अशा रुग्णांसाठी महिन्यातून एक दिवस तरी वेगळी ओपीडी ठेवावी, जुन्या फिल्म पुन्हा तपासाव्यात, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, दांडिया बाजार, बडोदा