स्थायी समितीची बातमी पुन्हा छापा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मी भांडुपचा रहिवासी, निवृत्त शिक्षक. महापालिकेच्या स्थायी समितीच्या, म्हणजे खर्चाचे आणि कंत्राटांचे प्रस्ताव मंजूर करणाऱ्या नगरसेवकांच्या समितीच्या, बातम्यांची कात्रणे कापून ठेवायची माझी जुनी सवय. ७ मार्च २०२२ रोजी मुंबई महापालिकेची मुदत संपली आणि दुसऱ्या दिवसापासून कारभार प्रशासकांकडे गेला. त्यानंतर माझ्या फायलीत फारसे काही जमलेच नाही, कारण समितीच उरली नव्हती.

समितीची बैठक आठवड्याला व्हायची. विषयपत्रिका नगरसेवकांच्या हाती पडायची आणि त्यांच्याकडून बैठकीआधीच वार्ताहरांपर्यंत पोहोचायची. एखाद्या नाल्याच्या कंत्राटाची रक्कम अंदाजपत्रकापेक्षा चढी कशी, हे सकाळी छापून यायचे. तेच पान हातात धरून विरोधी नगरसेवक हरकतीचा मुद्दा मांडायचा. प्रशासनाला उत्तर द्यावे लागायचे. प्रस्ताव कधी राखून ठेवला जायचा, कधी फेरविचारासाठी परत जायचा, कधी सरळ दफ्तरी दाखल व्हायचा. वार्ताहराला कागद विरोधकाकडून मिळत आणि विरोधकाला बळ बातमीतून मिळे. मुंबईच्या कारभारावर जो काही वचक होता, तो या दोघांच्या देवाणघेवाणीतून आलेला होता, असे माझे ठाम मत आहे.

प्रशासकांच्या काळात आयुक्त आणि प्रशासक ही एकच व्यक्ती होती. प्रस्ताव मांडणारी तीच आणि मंजूर करणारीही तीच. २०२५-२६ चा ७४ हजार ४२७ कोटींचा अर्थसंकल्प याच पद्धतीने मंजूर झाला. शेजारच्या गोवा राज्याच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून अधिक अशी ही रक्कम, आणि तिच्यावर सभागृहात एकही भाषण झाले नाही! मला हे फार लागले. वार्ताहरांनी धडपड केली, माजी नगरसेवकांनी पत्रे लिहिली. पण माजी नगरसेवकाच्या पत्राला उत्तर देण्याचे बंधन कोणावर असते?

नगरसेवक होते तेव्हा सगळा कारभार धुतल्या तांदळासारखा होता, असे मी म्हणत नाही. कॅगने, म्हणजे देशाच्या महालेखापरीक्षकांनी, २०१९ ते २०२२ या काळातील सुमारे १२ हजार कोटींच्या कामांची तपासणी केली. त्याचा अहवाल मार्च २०२३ मध्ये विधिमंडळात मांडला गेला. काही कामे निविदेविनाच दिल्याचे त्यात नोंदले आहे, आणि त्या काळाचा मोठा भाग समिती असतानाचा आहे. म्हणजे समिती असूनही नजर चुकते किंवा चुकवली जाते. पण म्हणून नजरच नको, हा निष्कर्ष कसा काढायचा?

विरोधी पक्षांनीही विरोधी पक्षनेतेपदाचे मोल ठेवलेले नाही. २०१७ मध्ये शिवसेनेला ८४ आणि भाजपला ८२ जागा मिळाल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या पक्षाने विरोधी पक्षनेतेपद घेतले नाही. आम्ही पारदर्शकतेचे पहारेकरी, असे सांगितले. पद काँग्रेसकडे गेले. राज्यातली शिवसेना-भाजप युती तुटल्यावर २०२० मध्ये भाजपने तेच पद मागितले. महापौरांनी ते नाकारले आणि उच्च न्यायालयानेही दाद दिली नाही. विरोधी पक्षनेता हा मतदारांचा वकील असतो. पक्षाच्या सोयीने ते पद घ्यायचे किंवा टाकायचे, हे कोणत्याही पक्षाने करू नये. (डिसेंबर २०२५ च्या नागपूर अधिवेशनात तर राज्याच्या दोन्ही सभागृहांत विरोधी पक्षनेता नव्हता.)

संविधानाचा ७४ वा दुरुस्ती कायदा १ जून १९९३ पासून लागू आहे. पालिकेची मुदत पाच वर्षे आणि ती संपण्याआधी निवडणूक, असे कलम २४३-यू सांगते. ओबीसी आरक्षणाचा खटला, प्रभाग २२७ की २३६ हा घोळ, यात जवळजवळ चार वर्षे गेली. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी निवडणुका घेण्याचा आदेश दिला, तेव्हा कुठे चक्र हलले. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झाले.

आता मुंबईला पुन्हा २२७ नगरसेवक आहेत. माझे मागणे दोन ठिकाणी आहे. महापालिकेने स्थायी समितीपुढचा प्रत्येक प्रस्ताव बैठकीच्या किमान तीन दिवस आधी मराठीत संकेतस्थळावर टाकावा, म्हणजे तो मिळवायला कोणाची ओळख लागणार नाही. आणि आपण, संपादक महोदय, पालिकेसाठी पूर्णवेळ वार्ताहर ठेवावा आणि समितीचा वृत्तांत दर आठवड्याला ठरलेल्या जागी छापावा. कोणता प्रस्ताव आला, किती रुपयांचा, कोणी हरकत घेतली, प्रशासनाने काय उत्तर दिले, आणि कोण गप्प बसले. दोन रकाने पुरतील. आतल्या पानावर असले तरी चालेल.

आपला,
एक वाचक, भांडुप