फीचं जमलंय, पीककर्ज वाढवू नका

ती. अण्णा व आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

अण्णा, परवा फोनवर तुम्ही म्हणालात, सोसायटीचं नवं-जुनं होतंय, जुनं पीककर्ज फेडून नवं घ्यायचंय, या वेळी थोडं वाढवून उचलतो आणि तुझी इंजिनिअरिंगची फी भरून टाकतो, बिनव्याजी तर आहे. तसं करू नका. तीन लाखांपर्यंत बिनव्याजी, हे खरं. पण मुदतीत फेडलं तर. सोयाबीनचा भाव पडला आणि तारीख हुकली की सवलत गेली, वर पुढच्या पेरणीला पैसे उचलायची पंचाईत. पिकाचं कर्ज पीक आल्यावर फिटतं. माझं पीक निघायला तीन वर्षं आहेत.

आई, तुझ्या पाटल्याही कपाटातच राहू देत. त्या गहाण ठेवून व्याज भरत इंजिनिअर होण्यात मला काडीचा रस नाही.

फोनवर सगळं सांगता येत नाही, मध्येच आई रडते, म्हणून हिशेबच लिहून पाठवतेय. इंजिनिअरिंग कॉलेजांना मान्यता देणाऱ्या एआयसीटीईने २०२३-२४ पासून नोकरी करणाऱ्यांसाठी वेगळ्या तुकड्यांना परवानगी दिली आहे. डिप्लोमा आणि निदान वर्षभराची नोकरी असली की थेट दुसऱ्या वर्षाला घेतात. माझे तास संध्याकाळी आणि शनिवार-रविवारी आहेत. वर्षाची फी एक लाख पाच हजार, दोन हप्त्यांत. तुम्ही पेपरात वाचलेली मुलींची फीमाफी आम्हाला लागू नाही. तिला घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत लागतं आणि आमचे दोन पगार मिळून ते वर जातं.

पहिला हप्ता असा: माझं आवर्ती खातं सुटलं त्याचे अडतीस हजार, बाकीचे कंपनीच्या पतसंस्थेतून, ते पगारातून कापले जातील. खात्यातले पैसे स्कूटीसाठी ठेवले होते, पण कंपनीची बस दारापाशी येते, स्कूटी थांबेल. दुसरा हप्ता दिवाळीनंतर. त्याला बोनस आहे, कमी पडेल ते हे घालणार. आणि मुख्य म्हणजे वर्ष पास झालं की निम्मी फी कंपनी परत देते. तो परतावा तसाच पुढच्या वर्षाच्या पहिल्या हप्त्याला. केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर मात्र परतावा नाही, त्यामुळे अभ्यास झक मारत करावा लागणार! बदल्यात पदवीनंतर दोन वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर घेतलेले पैसे परत भरायचे, असा बाँड आहे. सही करण्याआधी यांनी आणि मी तो दोनदा वाचला. मला तो जाचक वाटत नाही. घर इथेच, पोरीची शाळा इथेच.

शैक्षणिक कर्जाचीही चौकशी केली होती. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही आणि हप्ते शिक्षण संपून वर्ष झाल्यावर सुरू होतात, हे ऐकायला गोड वाटतं. पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. बँकेतले साहेब म्हणाले, व्याजावर आयकरात सूट मिळेल. ती जुन्या कररचनेत; नव्या रचनेत माझ्या पगाराला मुळात कर लागतच नाही, मग सूट कशातून घेणार? नोकरी सोडून शिकणाऱ्याने ते कर्ज जरूर घ्यावं. मला दर महिन्याला पगार येतो, मी कशाला व्याज वाढवत बसू?

त्याच साहेबांची गंमत सांगते. फॉर्म भरताना त्यांनी विचारलं, विद्यार्थिनीच्या वडिलांचा व्यवसाय? मी म्हटलं, शेती. त्यांनी माझ्या शेजारी बसलेल्या यांच्याकडे पाहिलं, यांच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. मग कुठे उलगडा झाला की ते आमच्या लेकीला, आपल्या चिऊला, विद्यार्थिनी समजून बसलेत. चिऊ तिसरीत आहे हो!

तुम्ही विचारलंत, आता या वयात कशाला. अण्णा, मशीनवरून आलेला पार्ट सीएमएमवर, म्हणजे अचूक मापं घेणाऱ्या यंत्रावर, मी मोजते, कुठे पाच मायक्रॉन जास्त गेले ते मी शोधते, रिपोर्टही मीच करते. खाली सही मात्र गेल्या वर्षी लागलेल्या बी.ई. झालेल्या पोराची. पोरगा चांगला आहे, मला विचारूनच सही करतो. पण साहेबांसोबत मीटिंगला तो जातो आणि पगारवाढीच्या यादीतही तोच वर असतो. डिप्लोमावाल्यांची पायरी आमच्याकडे तिथेच संपते.

सासूबाई तयार आहेत. सुरुवातीला जरा कुरकुर झाली, संध्याकाळचा स्वयंपाक कोण करणार म्हणून. आता पोळ्यांना बाई लावली आहे, भाजी त्या करतात.

तुमच्याकडून हवंय ते पैशाचं नाही. आई, परीक्षा डिसेंबरात येईल असं कॉलेज म्हणतंय. तुरीची काढणी नसेल त्या आठवड्यात इकडे येऊन राहशील का? सासूबाईंना एकटीने चिऊचा अभ्यास आणि घर जड जाईल. अण्णांच्या जेवणाचं काकूंना सांग. काढणी आडवी आली तर ओढाताण करू नकोस, मी दोन रजा राखून ठेवल्या आहेत.

तब्येतीला जपा. अण्णा, बीपीची गोळी चुकवू नका.

तुमची,
मनी

ता. क. डिप्लोमाची मूळ गुणपत्रकं आणि शाळा सोडल्याचा दाखला माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत, निळ्या फाईलमध्ये आहेत. पोस्टाने पाठवू नका. दादा पुढच्या आठवड्यात पुण्याला येतोय, त्याच्या हाती द्या, पण आधी बार्शीत दोन-दोन झेरॉक्स काढून घरी ठेवा.