नाकाचं काय ठरलं

धरमपेठ, नागपूर

मन्या,

फोनवर तू विचारलंस, "नाकाचं काय ठरलं बे?" आणि मी विषय बदलला. आई शेजारीच बसली होती. चाळिशीत नाक सरळ करून घेणं म्हणजे तिच्या लेखी थेरं.

दोन डॉक्टर झाले. पहिल्यानं कॉम्प्युटरवर माझं नाक असं चाफेकळी केलं की मलाच लाज वाटली. म्हणे, 'प्रिझर्व्हेशन' करू. यात वरचा उंचवटा तासत नाहीत. खालून, दोन नाकपुड्या वेगळ्या करणाऱ्या मधल्या पडद्याची पट्टी काढतात, बाजूची हाडं कापून मोकळी करतात आणि अख्खा कणाच खाली बसवतात. ऐकायला झकास. पण श्वासाबद्दल त्यानं अवाक्षर विचारलं नाही. अ‍ॅडव्हान्सची पावती मात्र तयार!

धंतोलीतल्या मॅडमनी फोटो बाजूला ठेवला. माझा उजवा गाल दोन बोटांनी बाहेर ओढला आणि म्हणाल्या, "घ्या श्वास." मन्या, बंद नाकपुडीतून वारा सरळ आत! कित्येक वर्षांत असं झालं नव्हतं. म्हणजे आतली झडप, नाकातली हवेची सगळ्यात अरुंद वाट, चेपली आहे, नुसतं तासून भागायचं नाही. पडद्याचीच कूर्चा, म्हणजे मऊ हाड, काढून तिच्या बारीक पट्ट्या कण्याच्या दोन्ही बाजूंना शिवायच्या. पडदा पुरला नाही तर कानामागून घ्यायची.

मला 'क्लोज्ड' हवं होतं. सगळे छेद नाकपुडीच्या आत, बाहेर डाग नाही, सूजही लवकर उतरते. पण मोडून वाकडं जुळलेलं नाक उघडून समोर बघत शिवणं सोपं, असं त्या म्हणाल्या. 'ओपन'मध्ये दोन नाकपुड्यांमधल्या दांडीवर छोटा नागमोडी छेद असतो. शेंड्याची सूज जायला मात्र वर्ष लागू शकतं. मी ओपनच ठरवलंय. प्रिझर्व्हेशन मुळात सरळ नाकाला शोभतं, माझ्या नाही.

तुमच्या पुण्याचा तर यात मानच मोठा. तिथल्या एका कारागिरानं कपाळाची कातडी वळवून कापलेलं नाक बसवलं, ते 1794 साली लंडनच्या मासिकात छापून आलं होतं. माझं कपाळ शाबूत राहणार, एवढं आईला सांगितलंय.

तारीख दिवाळीनंतरची. मे महिन्यात नाकावर प्लास्टर बांधून नागपुरात कोण बसेल? आठवडाभर ते राहील, चष्मा काही आठवडे नाकावर टेकवायचा नाही, म्हणजे मी आंधळा. कबड्डीत कोपर तुझंच लागलं होतं, तेव्हा रजा टाक आणि ये. तर्री पोहे मीच खाऊ घालीन, पेपर तू वाचून दाखव.

तुझाच,
बाळ्या