सोमवारी प्लंबर येतोय

आई, बाबा,

फोनवर सांगितलं असतं तर आईने दोन मिनिटांत मला गप्प केलं असतं, म्हणून लिहितेय. सोमवारी प्लंबर येतोय. संडासात कमोड बसवायचाय आणि भिंतीला धरायला दोन दांडे. ॲडव्हान्स पण दिलाय. न विचारता ठरवलं हे चुकलं माझं, पण त्या दिवशी आई नळ धरून उठत होती आणि मी दाराबाहेर तिचं कण्हणं ऐकत उभी होते, तेव्हाच ठरलं. काम होईपर्यंत दोघं माझ्याकडे हडपसरला. बाबांना पेपर आणि सहाचा चहा वेळेवर मिळेल, आईचे देव पण डब्यातून आणू.

आई, "झीज" शब्द ऐकल्यापासून तू पलंगच धरलायस. अगं, वंगण संपलं म्हणून गुडघा हलवायचाच नाही असं नसतं. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत गादीला, स्वतःचा रक्तपुरवठा नसतो, सांधा हलतो तेव्हाच तिला पोषण मिळतं. आणि मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याला आधार मिळतो. म्हणून खुर्चीत बसून पाय सरळ कर, पाच मोज, खाली ठेव, असं दोन्ही पायांनी दहा-दहा वेळा. सारसबागेत सपाट वाटेवर जमेल तेवढं चाल. पर्वतीला मात्र सध्या खालूनच नमस्कार. मला कडेवर घेऊन चढायचीस त्या पायऱ्या, मी उतरायलाच तयार नसायचे आणि तू एकदाही म्हणाली नाहीस की दमले.

वजनाचं बोलले की तुला वाईट वाटतं, माहितीये. पण एक किलो जरी उतरलं तरी प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा साधारण ४ किलो भार कमी होतो, म्हणून फक्त रात्रीचा भात अर्धा कर, बाकी काही नको.

बाबा, आता तुमच्यासाठी. आईचा डावा गुडघा दुखतो ना, मग काठी उजव्या हातात. जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा आधी, कठडा धरून. मेडिकलमधून परस्पर पेनकिलर आणून द्यायची नाही, तिचं बीपी आहे, किडनीलाही त्रास होतो. गुडघा फारच आखडला तर गरम पाण्याची पिशवी द्या, पण टॉवेलात गुंडाळून.

विळी टाकत नाहीये गं आई, माळ्यावर ठेवतेय. आजीची आहे, मला कळतं. भाजी ओट्यापाशी उंच स्टुलावर बसून चिर, स्टूल मी आणते.

सोमवारी आठला गाडी घेऊन येते. आईची औषधं आणि तिची ती मऊ उशी विसरू नका.

तुमची,
छकुली