इलेक्ट्रिक गाडीचा खर्च छापताना चार्जिंग घरचं की बाहेरचं तेही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पेपरात इलेक्ट्रिक गाड्यांवर लेख येतात ते मी आवडीने वाचते, पण जवळजवळ प्रत्येक लेखात "पेट्रोलपेक्षा किलोमीटरमागे इतका कमी खर्च" असं एक वाक्य असतंच आणि तो हिशोब नेहमी घरच्या मीटरच्या दराने केलेला असतो. ज्याचं स्वतःचं पार्किंग आहे आणि तिथपर्यंत वायर ओढता येते त्याच्यासाठी ते बरोबरच आहे. पण ज्याची गाडी रात्री रस्त्यावर उभी असते, किंवा जो भाड्याच्या घरात राहतो आणि मालक चार्जिंग पॉइंट बसवू देत नाही, त्याने तो आकडा वाचून गाडी बुक केली तर त्याचं सगळं बजेट कोलमडतं. म्हणून विनंती आहे की यापुढे खर्चाचे दोन आकडे द्या, घरी चार्ज केलं तर किती आणि बाहेर फास्ट चार्जरवर केलं तर किती.

हा फरक दहा-वीस टक्क्यांचा नाहीये हो. बाहेरचा फास्ट चार्जरचा युनिटचा दर घरच्या दुप्पट असणं सर्रास आहे आणि बऱ्याच ठिकाणी तो तिपटीवर जातो. समजा घरचा दर १ धरला आणि बाहेरचा ३, तर जो माणूस ८० टक्के चार्जिंग घरी करतो आणि फक्त लांबच्या प्रवासात बाहेर करतो त्याला सरासरी १.४ पडतो, म्हणजे त्याला फारसं काही जाणवतच नाही. आणि ज्याला घरी सोयच नाही तो पहिल्या दिवसापासून पूर्ण ३ मोजतो. गाडी तीच, रस्ता तोच, फरक फक्त पार्किंगचा! आणि स्वतःचं पार्किंग साधारण कोणाकडे असतं हे काही वेगळं सांगायला नको, म्हणजे ज्याला बचतीची जास्त गरज आहे त्याच्याच वाट्याला महागडं चार्जिंग येतं, हे मला खरंच खटकतं.

पेट्रोलशी तुलना करायची तर एक सोपा हिशोब आहे, तो तुम्ही चौकटीत छापला तरी लोकांना खूप उपयोग होईल. मध्यम आकाराची इलेक्ट्रिक गाडी १०० किलोमीटरला साधारण १५ युनिट खाते. २० चं ॲव्हरेज देणाऱ्या पेट्रोल गाडीला तेवढ्याच अंतराला ५ लिटर लागतं. म्हणजे १ लिटर पेट्रोल बरोबर ३ युनिट. चार्जिंगचा युनिटचा दर एका लिटरच्या भावाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला की इंधनावरची बचत संपली, मग गाडी कितीही चांगली असो. पेट्रोल गाडी १५ चंच ॲव्हरेज देत असेल तर लिटरला सव्वादोन युनिट धरा, तिथे इलेक्ट्रिकला जरा जास्त वाव मिळतो. ज्याने त्याने आपल्याकडचे दोन दर टाकून बघावेत, मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर मिनिटभराचं काम आहे.

आता घरचं चार्जिंग स्वस्त म्हणतो त्यातही काही गोष्टी लपलेल्या असतात ज्या शोरूममध्ये कोणी सांगत नाही. जिथे विजेला स्लॅबप्रमाणे दर लागतो तिथे गाडीचे युनिट घरातल्या बाकीच्या वापराच्या वर चढतात, म्हणजे गाडीला पडणारा दर हा सगळ्यात वरच्या स्लॅबचा असतो, एकूण बिलाला युनिटने भागून येणारी सरासरी धरली तर हिशोब चुकतो. दुसरं म्हणजे मीटरवर जेवढे युनिट फिरतात तेवढे बॅटरीत जात नाहीत. चार्जिंग चालू असताना गाडीतले कॉम्प्युटर, पंप वगैरे जागे असतात आणि ते दोन-तीनशे वॅट सहज खातात. साध्या सॉकेटवर १० तास गाडी लावली तर २-३ युनिट असेच जातात, तेच ७ किलोवॅटच्या वॉलबॉक्सवर (भिंतीवर बसवायच्या चार्जरवर) वेळ निम्म्याहून कमी लागतो म्हणून ते नुकसानही तेवढं कमी. शिवाय वॉलबॉक्स, जाड वायर, नीट अर्थिंग, मीटरचा लोड वाढवून घेणं हा सुरुवातीचा खर्च वेगळाच. पण हे सगळं धरूनसुद्धा घरचं चार्जिंगच स्वस्त पडतं, आणि जिथे रात्रीचा दर कमी आहे तिथे टायमर लावून ठेवला की अजून स्वस्त.

बाहेर महाग का याचंही कारण लोकांना नीट कळायला हवं, नाहीतर चार्जरवाला लुटतोय एवढंच वाटत राहतं. बॅटरीला डीसी करंट लागतो आणि आपल्या घरात येतो तो एसी. घरी हे रूपांतर गाडीतलाच छोटा चार्जर सावकाश करतो. फास्ट चार्जिंगमध्ये ते काम बाहेरचं मोठं मशीन करतं आणि ते मशीन महाग असतं. ६० किलोवॅटचा एक चार्जर चालू झाला की प्रत्येकी ३ किलोवॅट वापरणाऱ्या २० घरांइतका लोड एकदम ओढतो, त्यासाठी मोठं कनेक्शन आणि बऱ्याचदा वेगळा ट्रान्सफॉर्मर लागतो. त्यात डिमांड चार्ज ही मोठी भानगड आहे, महिन्यात एकदाच अर्धा तास जरी पूर्ण लोड ओढला तरी महिनाभराचा आकार त्या उच्चांकावर लागू शकतो. जागेचं भाडं, मेंटेनन्स, सॉफ्टवेअर आहेच. दिवसभरात चारच गाड्या आल्या तर हा सगळा खर्च त्या चौघांवरच पडणार ना. आणि वर टॅक्स. ब्रिटनमध्ये घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि सार्वजनिक चार्जरवर २० टक्के असा फरक वर्षानुवर्षं ठेवलाय, म्हणजे घरी पार्किंग नाही म्हणून टॅक्ससुद्धा चौपट दराने. ज्या कोणत्या सरकारला इलेक्ट्रिक गाड्या वाढायला हव्यात त्याने आधी ही असली तफावत काढावी.

हे सगळं मान्य केलं तरी बिलातला गोंधळ मात्र मला अजिबात पटत नाही. मशीनवर दर लिहिलेला असतो एक आणि चार्जिंग झाल्यावर ॲपमध्ये बिल येतं वेगळंच, कारण टॅक्स वरून, सेशन फी वरून, आणि चार्जिंग संपल्यावर गाडीला लावलेली चार्जरची गन काढायला उशीर झाला तर त्याचे पैसे वेगळे. मी जिथे नेहमी चार्ज करते तिथे आधी ॲपच्या वॉलेटमध्ये ठराविक रक्कम भरल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही आणि उरलेले पैसे तिथेच पडून राहतात, परत मागायची सोय ॲपमध्ये शोधूनही सापडत नाही. काही ठिकाणी तर युनिटऐवजी मिनिटावर पैसे घेतात आणि हे सगळ्यात वाईट, कारण ८० टक्क्यांनंतर बॅटरी जपण्यासाठी गाडी स्वतःच चार्जिंगचा वेग कमी करते, मिनिटं चालू राहतात आणि युनिट मात्र जेमतेम येतात. बॅटरी थंड असेल तर सुरुवातीपासूनच तसं होतं. यात ग्राहकाचा काय दोष? हे सुधारेपर्यंत लोकांनी निदान फास्ट चार्जरवर ८० ला थांबावं, पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात आणि मागच्याचाही नंबर लवकर लागतो.

युरोपियन युनियनने यावर नियमच केलाय. १३ एप्रिल २०२४ पासून बसवलेल्या ५० किलोवॅट आणि त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर कार्डने पैसे भरता आलेच पाहिजेत, आणि नोंदणी न करता चार्ज करायला येणाऱ्या ग्राहकाला दर युनिटवरच सांगितला पाहिजे, गाडी उगाच अडवून ठेवल्याचे मिनिटावर पैसे लावायचे तर लावा पण तेही आधी दाखवून. अशक्य असं काही नाही यात. पेट्रोल पंपावर लांबूनच लिटरचा भाव दिसतो आणि त्यात टॅक्स धरलेला असतो, चार्जरवर तसा बोर्ड लावायला काय हरकत आहे? तुमच्या वार्ताहरांनी दोन-चार चार्जिंग स्टेशनवर स्वतः जाऊन मशीनवरचा दर आणि शेवटचं बिल शेजारीशेजारी छापलं तर त्याचा निश्चित परिणाम होईल.

अजून एक गोष्ट, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. ज्यांना घरी सोय नाही त्यांना दरवेळी फास्ट चार्जरच लागतो असं नाही. गाडी रात्रभर किंवा ऑफिसात आठ तास उभीच असते. रस्त्याकडेच्या पार्किंगमध्ये, ऑफिसच्या आवारात, इमारतींच्या खाली साधे ३ ते ७ किलोवॅटचे एसी पॉइंट बसवले तर त्यांना ना ते महागडं मशीन लागतं ना दरवेळी वेगळा ट्रान्सफॉर्मर, त्यामुळे त्यांचा दर घरच्या दराच्या बराच जवळ ठेवता येतो. ७ किलोवॅटवर ८ तासांत ५० युनिटच्या वर मिळतात, म्हणजे तीनशे किलोमीटरची सोय झाली. पण बातम्या आणि उद्घाटनं होतात ती मोठमोठ्या फास्ट चार्जरची, ते हायवेवर हवेतच, शहरात मात्र हे साधे पॉइंट जास्त लागणार आहेत. कोणत्या भागात असे किती पॉइंट आहेत, किती चालू आहेत आणि तिथे दर काय लावतात, यावर एक सविस्तर बातमी तुमच्या पेपरात यावी अशी मनापासून इच्छा आहे.

आपली,
एक नियमित वाचक