हिरा दारात नेऊन बघायला शिकवणाऱ्या काकांचे आभार

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

नागपूरच्या इतवारी सराफ्यात हिऱ्याच्या काउंटरवर बसणाऱ्या आम्हा सगळ्यांतर्फे हे पत्र. उघडपणे लिहीत आहोत, कारण आपण जे शिकवलंत ते लग्नाच्या खरेदीला निघालेल्या घरांपर्यंतही पोहोचायला हवं.

पहिले आभार भिंग गिऱ्हाइकाच्या हाती दिल्याबद्दल. हिरा आधी स्वच्छ कापडाने पुसायचा, नाहीतर धुळीचा कण डाग वाटतो. दहापट भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं, चिमट्यात धरलेला हिरा इंचभर अंतरावर आणायचा, दोन्ही हात एकमेकांना टेकवून स्थिर करायचे आणि दुसरा डोळा उघडाच ठेवायचा. हे जमलं की सर्टिफिकेटवरच्या डागांच्या नकाशातली खूण हिऱ्यात सापडते. ती सापडल्याशिवाय कागदावर विश्वास ठेवू नका, हा आपला आग्रह आम्ही पाळतो.

रंगासाठी आपण पांढऱ्या कागदाची घडी घालून तिच्या खाचेत हिरा उलटा, टेबल (वरचा सपाट पैलू) खाली करून ठेवायला सांगितलंत. सरळ ठेवलेल्या हिऱ्याच्या चमकेत पिवळी झाक लपते. रंगाची प्रत डी (रंगहीन) पासून पुढच्या अक्षरांकडे पिवळसर होत जाते; बाजूने पाहिलं की डी आणि जे शेजारी शेजारी ठेवताच फरक कळतो. सात हिऱ्यांच्या कुड्या घेताना तर ही युक्ती फारच कामाची. जडवण्याआधी चौदाही खडे एका ओळीत उलटे मांडले की वेगळ्या रंगाचा एखादा लगेच उठून दिसतो. एकदा बंद घडणीत बसल्यावर तो शोधणं कठीण. पिवळ्या सोन्यात एच किंवा आय रंग छान दिसतो, तिथे डी-ई साठी जादा पैसे घालू नयेत, हे आपण धंद्याचा तोटा होत असतानाही गिऱ्हाइकांना सांगितलंत.

दुकानातले दिवे हिऱ्याला ठिणग्या देण्यासाठीच लावलेले असतात. म्हणून खडा दारात, सावलीत न्यायचा, आणि मग थोडा वेळ उन्हातही धरायचा. आपल्या नागपूरच्या उन्हात भरपूर अतिनील किरणं असतात, आणि तीव्र निळा फ्लुरोसन्स (अतिनील किरणांत दिसणारी चमक) असलेला एखादा हिरा त्यात दुधाळ दिसू लागतो. सगळेच तसे होत नाहीत, उलट काही आय-जे रंगाचे हिरे त्यामुळे पांढरे भासतात. म्हणून कागदावरच्या शब्दाला घाबरण्यापेक्षा खडा बघावा.

सगळ्यात मोठे आभार कटबद्दल, म्हणजे हिऱ्याला पैलू किती नेमक्या मापात पाडलेत त्याबद्दल. गिऱ्हाईक आधी स्वच्छतेची प्रत विचारतं, "व्हीव्हीएस आहे का?" आपण म्हणायचात, "ताई, आधी कट विचारा." व्हीव्हीएस 1 आणि व्हीएस 2 मधला फरक नुसत्या डोळ्याला दिसत नाही, कटमधला दिसतो. गोल हिऱ्यात खोली रुंदीच्या साधारण 59 ते 62.5 टक्के आणि टेबल 53 ते 58 टक्के असेल, तर प्रकाश आत जाऊन वर परत येण्याची शक्यता चांगली. फार उथळ खडा मधे निस्तेज दिसतो, फार खोल खडा मधे काळवंडतो. खोल खड्याचं वजन पोटात दडतं. चांगल्या कटचा एक कॅरेट वजनाचा गोल हिरा सुमारे 6.4 ते 6.5 मिलिमीटर रुंद असतो; खोली 65 टक्क्यांवर गेली आणि गर्डलही (हिऱ्याची सर्वात रुंद कड) जाड राहिलं, तर तोच वरून नव्वद सेंटच्या (शंभर सेंट म्हणजे एक कॅरेट) हिऱ्याएवढा दिसतो. पैसे मात्र पूर्ण कॅरेटचे, आणि एक कॅरेटला दर कॅरेटमागेच उडी घेतो. म्हणून 92-95 सेंटचा, उत्तम कटचा खडा घ्या, हा आपला सल्ला अगदी खरा आहे.

स्वच्छतेत डाग किती मोठा, यापेक्षा तो कुठे आहे हे आपण बघायला लावलंत. टेबलाच्या मधोमध असलेला काळा कण नजरेत खुपतो; कडेचा प्रॉन्गखाली, म्हणजे खडा धरणाऱ्या सोन्याच्या नखीखाली, झाकतो. पण कडेपर्यंत आलेली फेदर, म्हणजे बारीक चीर, प्रॉन्गच्या दाबाखाली नको, तिथे खडा तुटू शकतो. चिरेत काच भरलेला हिरा तर दुरुस्तीच्या झोताखाली बिघडतो, म्हणून "फिलिंग आहे का" हे लेखी विचारावं.

लॅबमध्ये वाढवलेल्या हिऱ्याबाबतही आपण स्पष्ट होतात. तोही कार्बनचाच खरा हिरा, त्यामुळे साधा टेस्टर त्यालाही होकार देतो. हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या मोयसनाइट या दुसऱ्या खड्यालाही पुष्कळदा देतो. खात्री लॅबच्या रिपोर्टनेच. गर्डलवर लेझरने कोरलेला नंबर भिंगाने वाचून रिपोर्टशी जुळवायचा, मग तोच नंबर लॅबच्या साइटवर तपासायचा. सोन्यावरचा सहा अंक-अक्षरांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, सोन्याच्या शुद्धतेसाठी असतो, हिऱ्याबद्दल काहीच सांगत नाही. दोन्ही वेगळे तपासावेत.

शेवटचे आभार बिलाबद्दल. एक कॅरेट म्हणजे 0.2 ग्रॅम. अंगठीचं एकूण वजन 4.350 ग्रॅम आणि हिरे 0.50 कॅरेट असतील, तर सोनं 4.250 ग्रॅम, सोन्याचा दर तेवढ्यालाच. ही वजाबाकी न केल्यास हिऱ्याचं वजन दोनदा विकलं जातं. आपल्या सांगण्यावरून आता आमच्या बिलावर एकूण वजन, हिऱ्यांचं वजन, निव्वळ सोनं, रिपोर्ट नंबर आणि परतीचा (दागिना परत घेण्याचा) दर असे वेगळे रकाने असतात. काका, त्यासाठी मनापासून धन्यवाद.

आपले,
इतवारी सराफ्यातले काउंटरवरचे सगळे